पाइक रिव्हर: मिथेनने भरलेल्या बोगद्यात साडेआठ वर्षांनी माणसं आत कशी गेली

मे 2019 ची सुरुवात. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर कोळसा खाणीच्या तोंडाशी सगळी तयारी झालेली, 2010 च्या स्फोटात आत मेलेल्या 29 जणांच्या घरची माणसं यायला निघालेली, मंत्री येणार होते, आणि ऐनवेळी जाहीर झालं की आत जाणं पुढं ढकललंय. कारण काय, तर बोगद्याच्या पार आतल्या टोकाकडून नळीने जे हवेचे नमुने बाहेर येत होते त्यात ऑक्सिजन वाढलेला दिसला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. आत ऑक्सिजन आहे म्हणजे चांगलंच की, माणूस श्वास घेऊ शकेल! पण ह्या बोगद्यात सगळ्यात मोठी भीती ऑक्सिजनचीच होती, आणि ती का होती हे नीट कळलं की हे अख्खं प्रकरण उलगडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घेऊ. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा, ग्रेमाउथ नावाचं गाव, तिथून ईशान्येला साधारण 46 किलोमीटरवर पापारोआ डोंगररांग. कोळसा डोंगरात उंचावर, खालून तिथपर्यंत पोचायला कठीण खडकातून 2.3 किलोमीटर लांबीचा एकच बोगदा खणलेला, आणि तो आत जाताना चढत जातो. ह्यात रूळ नाहीत, रबरी टायरच्या गाड्या माणसांना आत नेत आणि कोळसा पाण्याबरोबर पन्हळीतून नि पाइपातून खाली वाहून येई. माणसं, हवा, वीज, पाणी सगळं ह्याच एका वाटेने. हवा बाहेर टाकायला वर एक उभा शाफ्ट होता, त्याचा खालचा भाग 2009 मध्ये कोसळला म्हणून बाजूने दुसरी अरुंद चढण काढून तो जोडून घेतला, आणि आणीबाणीत बाहेर पडायची दुसरी वाट म्हणून कागदावर हीच दाखवलेली, म्हणजे शंभरेक मीटर सरळ उभी शिडी चढायची आणि तीही त्याच शाफ्टमधून ज्यातून आगीचा धूर वर येणार. चौकशी आयोगाने नंतर ही दुसरी वाट पुरेशी नव्हती असं स्पष्ट म्हटलं, आणि ते कळायला आयोग लागायला नको होता असं माझं मत आहे.

आपला संबंध एवढाच की ह्या खाणीचा कोळसा भारतात येणार होता. पोलाद बनवायला लागणारा उत्तम प्रतीचा कोकिंग कोल, फेब्रुवारी 2010 मध्ये निर्यातीची पहिली 20,000 टनांची खेप भारतातच आली, आणि गुजरात एनआरई कोक नि सौराष्ट्र फ्युएल्स ह्या आपल्याकडच्या दोन कंपन्यांचे खाणीत शेअर्सही होते. खाण वेळापत्रकाच्या मागे पडलेली, पैसा संपत आलेला, कोळसा काढायची घाई, आणि कोळशाच्या थरात मिथेन भरपूर. मुख्य पंखा त्यांनी जमिनीखाली बसवला होता, मिथेन सुटणाऱ्या कोळसा खाणीत असं जगात दुसरीकडे कुठे केलेलं नव्हतं, कारण साधं आहे, आत स्फोट झाला तर पहिल्यांदा पंखाच जाणार आणि हवा बंद होणार.

मिथेनचं गणित थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हवेत मिथेन साधारण 5 ते 15 टक्के असेल तर ठिणगी मिळताच स्फोट. 5 च्या खाली इंधन कमी पडतं, 15 च्या वर ऑक्सिजन कमी पडतो. आणि ऑक्सिजन साधारण 12 टक्क्यांच्या खाली गेला तर मिथेन किती का असेना, पेट घेत नाही. खाणीतले लोक हे सगळं एका आलेखावर मांडतात, त्याला कॉवर्डचा त्रिकोण म्हणतात, आणि आतल्या हवेचा बिंदू त्या त्रिकोणाच्या आत पडतोय की बाहेर एवढंच बघायचं असतं. आत असेल तर तिथे माणूस नको. मिथेन हवेपेक्षा जवळपास निम्म्या वजनाचा, त्यामुळे वर चढतो. पाइक रिव्हरचा बोगदा आत चढत जाणारा, म्हणजे गॅस आपोआप सगळ्यात आतल्या, सगळ्यात उंच टोकाला जाऊन साठणार आणि तुम्ही जितके आत जाल तितके त्याच्या जवळ जाल.

आयोगाने जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की स्फोटाआधीच्या 48 दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला गेल्याच्या 21 नोंदी होत्या आणि त्याहून कमी पण धोकादायक अशा आणखी 27. हे आकडे वाचून मला झोप लागली नव्हती. म्हणजे गॅस सांगत होता, रोजच्या रोज सांगत होता, लिहूनही ठेवलं जात होतं, आणि काम चालू होतं. तेव्हा सगळ्या देशातल्या भूमिगत खाणींवर लक्ष ठेवायला सरकारचे दोनच निरीक्षक होते.

19 नोव्हेंबर 2010, शुक्रवार, दुपारचे पावणेचार. आत 31 माणसं. बहुधा गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून झाल्यावर मागे उरते त्या पोकळीत, छत कोसळलं आणि तिथे साठलेला मिथेन एकदम ढकलला जाऊन कामाच्या जागेत आला. ठिणगी कुठून पडली ह्यावर आजही वाद आहेत. बोगद्याच्या तोंडाशी सीसीटीव्ही होता, त्यात स्फोटाचा झोत 52 सेकंद बाहेर येत राहिलेला दिसतो. 2.3 किलोमीटर आत झालेल्या स्फोटाची हवा जवळपास मिनिटभर बाहेर फेकली जातेय, एवढ्यावरून काय ते समजा.

वीज गेली, फोनला उत्तर नाही. काय झालंय बघायला एक इलेक्ट्रिशियन गाडी घेऊन बोगद्यात शिरला, आत हवा बिघडलेली जाणवली, पुढे एक माणूस आडवा पडलेला दिसला, आणि तो तिथूनच मागे फिरला नि बाहेर येऊन सांगितलं. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. त्या क्षणी खाली उतरून त्या माणसाकडे जाणं म्हणजे स्वतः त्याच्या शेजारी पडणं, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आधी पाय जड होतात आणि मग डोकं चालेनासं होतं. बोगद्यातच असलेले दोघं मात्र वाचले, त्यातला एक बेशुद्ध पडून शुद्धीवर आला, वाटेतल्या फोनवरून बाहेर कळवलं, मग वाटेत दुसरा सापडला त्याला ओढत, आधार देत खाली उतरत आणलं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला दोघं तोंडाशी आले. बाकीचे 29 कधीच आले नाहीत, त्यात सगळ्यात लहान 17 वर्षांचा होता.

आता इथून खरा प्रश्न सुरू होतो. बचाव पथकं काही तासांत तोंडाशी येऊन उभी, ही सगळी त्याच भागातली खाणकाम करणारी माणसं, आतल्यांना नावानिशी ओळखणारी. त्या भागाची आठवणही अशी की 1967 मध्ये जवळच्या स्ट्राँगमन खाणीत स्फोट होऊन 19 जण गेले तेव्हा पथकं लगेच आत घुसली होती आणि बहुतेक मृतदेह बाहेर काढले होते. त्यामुळे लोक म्हणत होते की पहिल्या स्फोटात गॅस जळून गेलाय, पुन्हा साठायच्या आत घुसा. पोलिसांनी परवानगी दिली नाही. दिवसामागून दिवस गेले, लष्कराचा रोबो पाठवला तो पाणी जाऊन काही शे मीटरवरच बंद पडला, मग वरून डोंगरातून बोअर मारलं ते 24 नोव्हेंबरला आत पोचलं, त्यातून आलेल्या हवेत जवळपास 95 टक्के मिथेन निघाला, आणि त्याच दुपारी दुसरा स्फोट झाला. 26 ला तिसरा, 28 ला चौथा, शाफ्टच्या तोंडातून ज्वाळा दिसल्या.

आत सोडलं असतं तर बचाव पथकंही गेली असती असं म्हणणारे आणि पहिल्या दोन तासांत सोडायला हवं होतं असं म्हणणारे, दोघंही आजही भांडतात. माझं मत असं की आत न सोडण्याचा निर्णय बरोबर होता, पण तो ज्या अंधारात घ्यावा लागला तो अंधार खाणीनेच करून ठेवलेला होता. चांगल्या गॅसाळ खाणींमध्ये ट्यूब बंडल असतं, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांहून प्लास्टिकच्या लांब नळ्या थेट बाहेरपर्यंत आणलेल्या, बाहेरचा पंप आतली हवा ओढून विश्लेषण करत राहतो, आतली वीज गेली, सेन्सर जळले तरी बाहेर आकडा येत राहतो. पाइक रिव्हरमध्ये हे नव्हतंच. जे विजेवरचे सेन्सर होते ते स्फोटाबरोबर गेले. म्हणून स्फोटानंतर बाहेर उभ्या असलेल्या एकाही माणसाला आत हवा कशी आहे हे ठामपणे सांगता येईना, आणि ज्याला हवा माहीत नाही तो पथकाला आत जा म्हणून कसा सांगेल?

आणि एकामागोमाग आत जाणं काय असतं हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. एप्रिल 2024 मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत शेणाच्या गॅसने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं, तिला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, असे पाच जण गेले. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये दर वर्षी हेच होतं. पहिला गॅसने मरतो आणि बाकीचे मायेने मरतात.

खाण मग सील झाली. बोगद्याच्या तोंडाजवळ 30 मीटरवर एक भिंत, 170 मीटरवर दुसरी. कंपनी बुडाली, खाण सरकारी कंपनीने घेतली, तिने 2014 मध्ये सांगितलं की आत जाणं फार जोखमीचं आहे, आणि 2016 मध्ये तोंड काँक्रीटने कायमचं बंद करायला निघाले. तेव्हा घरच्यांनी रस्ता अडवला. कुणाची आई, कुणाची बायको, कडेला तंबू टाकून बसल्या आणि काँक्रीटचे ट्रक वर जाऊ दिले नाहीत. त्यांचं म्हणणं सोपं होतं, 2.3 किलोमीटरचा बोगदा म्हणजे गुन्ह्याची जागा आहे, तिथे पोलिसांनी पाऊलही टाकलेलं नाही, आणि जमलं तर आमची माणसं आणा. 2017 मध्ये सरकार बदललं, जानेवारी 2018 मध्ये ह्या एकाच कामासाठी वेगळी एजन्सी काढली, मंत्री अँड्र्यू लिटल, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये निर्णय झाला की जुन्याच तोंडातून आत जायचं. दुसरा छोटा बोगदा खणायचा, वरून मोठं बोअर मारायचं, असेही पर्याय तपासले होते.

आता ती गंमत बघा, की बंद झाल्यावर खाणीत काय झालं. कोळसा मिथेन सोडत राहिला, बाहेरची हवा येईना, होता तो ऑक्सिजन जळून, कोळशात मुरून संपला. आत मिथेनच मिथेन. म्हणजे स्फोटाच्या दृष्टीने ही खाण अगदी सुरक्षित झाली, कारण मिथेन 15 च्या कितीतरी वर आणि ऑक्सिजन जवळपास नाहीच. धोका कधी? आपण दार उघडू तेव्हा. पंखा लावून ताजी हवा आत ढकलली की मिथेन 95 वरून 80, 50, 30 असा उतरत एक वेळ 15 च्या खाली येणारच, आणि तिथून 5 होईपर्यंतची हवा म्हणजे भरलेली बंदूक. शिवाय आत एकदा आग लागून गेलेली, कोळशाला ऑक्सिजन मिळाला की तो आपला आपण तापतो, म्हणजे ठिणगीही तोच देणार. सरळ वाट त्रिकोणातूनच जाते.

त्यांनी वाट वळवली. आधी मिथेन काढायचा पण हवेने नाही, नायट्रोजनने. हवेतूनच नायट्रोजन वेगळा करणारी यंत्रं जागेवर बसवली आणि बोअरमधून तो आत सोडत राहिले. मिथेन कमी होत गेला पण त्याच्या जागी आलेला नायट्रोजन पेट घेत नाही, त्यामुळे बिंदू त्रिकोणाला वळसा घालून खाली आला. बोगदा नायट्रोजनने भरला, मग त्या नायट्रोजनच्या जागी ताजी हवा आणली. आणि पार आत, बोगद्याच्या वरच्या टोकाला जिथे छत कोसळून वाट बुजलीये, त्याच्या पलीकडे नायट्रोजनचा दाब कायम ठेवला, म्हणजे खाणीतला मिथेन ढिगाऱ्याच्या फटींतून अलीकडे, माणसांकडे येऊ नये. एका बाजूला हवा, मध्ये नायट्रोजनची गादी, पलीकडे मिथेन. आता पहिल्या परिच्छेदातला ऑक्सिजन आठवा. त्या टोकाला ऑक्सिजन वाढला म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय, गादी फाटलीये, किंवा नमुना आणणारी नळीच कुठे खराब होऊन बाहेरची हवा ओढतेय. नळीचाच संशय जास्त होता, तरी नुसत्या संशयावर आत जायचं नाही म्हणून थांबले, घरच्यांनीही मान्य केलं.

ह्यात हवामानाचाही भाग आहे जो सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. बंद खाण वातावरणाच्या दाबाबरोबर श्वास घेते, बाहेर दाब वाढला की हवा आत, दाब पडला की आतला गॅस बाहेर. पश्चिम किनाऱ्यावर वादळं नेहमीची. म्हणून बॅरोमीटर उतरायला लागला की गॅस पुढे सरकणार हे धरूनच चालावं लागतं. आपल्याकडे जुन्या खाणीत, बोगद्यात, भुयारात मागच्या महिन्यात गेलो तेव्हा काही झालं नाही असं सांगणारे लोक भेटतात, त्यांना हे सांगा, मागच्या महिन्यातली हवा वेगळी होती.

आणि गॅस डिटेक्टर खिशात आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साध्या डिटेक्टरमधला ज्वलनशील गॅसचा सेन्सर बऱ्याचदा असा असतो की तो आतल्या तापलेल्या मण्यावर थोडा गॅस जाळून बघतो आणि किती तापमान वाढलं त्यावरून आकडा देतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. भरपूर मिथेन आणि नगण्य ऑक्सिजन असलेल्या जागेत हा आकडा वर जाऊन परत खाली येतो, अगदी शून्याच्या जवळही दाखवू शकतो. म्हणून ऑक्सिजनचा आकडा आधी वाचायचा, आणि अशा जागी इन्फ्रारेड सेन्सर लागतो. नायट्रोजनचं तर आणखी वाईट, त्यात गुदमरल्यासारखं होतच नाही, कारण श्वास घ्यावासा वाटतो तो कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि खाली बसतो.

21 मे 2019 ला 30 मीटरची भिंत उघडली. एजन्सीचे डिंगी पॅटिन्सन, स्वतः जुने खाणकामगार, आपल्या माणसांबरोबर आत चालत गेले. स्फोटाला साडेआठ वर्षं झाली होती. तेव्हा 170 मीटरपर्यंतच, दुसऱ्या भिंतीपाशी थांबले. ती भिंत डिसेंबर 2019 मध्ये उघडली आणि मग जे काम सुरू झालं ते अतिशय संथ, थोडं पुढे जायचं, छताला आधार द्यायचा, हवा मोजायची, पोलिसांच्या फॉरेन्सिकने जमीन चाळायची, फोटो, मोजमाप, मग पुन्हा थोडं पुढे. मध्ये कोविडने काम थांबलं. फेब्रुवारी 2021 मध्ये छत कोसळलेल्या जागेपाशी पोचले, साधारण 2.26 किलोमीटर. खर्च सुमारे 5 कोटी न्यूझीलंड डॉलर. एकाही माणसाचा जीव गेला नाही ही ह्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट, कारण पाचेक वर्षं आधी तज्ज्ञ अहवालांच्या आधारावर सांगितलं जात होतं की हे करणंच शक्य नाही.

बोगद्यात मृतदेह सापडले नाहीत. ढिगाऱ्याच्या पलीकडे जायचं का ह्यावर घरच्यांमध्येही दोन मतं पडली, सरकारने पैसा आणि जोखीम दोन्ही पुढे करून नाही म्हटलं, आणि तोंड पुन्हा बंद झालं. ते पाऊल मला पटत नाही असं नाही, ढिगारा उपसणं म्हणजे मधली ती गादीच काढणं, आणि पलीकडची हवा बोगद्याच्या हवेसारखी काबूत ठेवता आली असती असं मानायला आधार नाही. पण पोलिसांनी तपास सोडला नाही, वरून नव्याने बोअर मारून कॅमेरे खाली सोडले, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये सांगितलं की आत दोन मृतदेह दिसलेत, तिसराही असू शकेल. बोगद्यातून मिळालेले पुरावे आणि बोअरमधली चित्रं एकत्र ठेवून फौजदारी चौकशी पुढे चालू ठेवली गेली, म्हणजे 2016 मध्ये काँक्रीटचे ट्रक वर गेले असते तर ह्यातला बोगद्याचा भाग कुणालाच कधी मिळाला नसता.